पंगतीबाहेरचं वर्ष

इरम्माचं नाव निघालं की आता सगळे हात जोडतात. परवा आमच्या मंडळीसंघाच्या सभेत एकानं तिला ‘वाडीची माउली’ म्हटलं. मला हसूही आलं आणि तळपायाची आग मस्तकातही गेली. ती जिवंत होती तेव्हा तिला पंगतीबाहेर बसवणारे आम्हीच की! आणि आम्ही म्हणजे तरी कोण? मीच. मी बब्रुवान, त्या वाडीचा पाळक, ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू. दुसऱ्या कुणी ही हकीकत सांगितली तर तो माझं झाकून सांगेल, पाळकाचं झाकायची आपल्याकडं रीतच आहे. म्हणून मीच सांगतो.

तेरणेच्या काठाला, माकणीपासून कोसभर आत ती वाडी. गावकुसाबाहेर आपली सहा ख्रिस्ती घरं आणि त्यांच्या मधोमध धाब्याचं प्रार्थनाघर. त्याची किल्ली इरम्माच्या कमरेला. धंद्यानं ती सुईण. कुसाच्या आतलं आणि बाहेरचं निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. आतली एखादी बाई अडली की इरम्माला धावत बोलावणं यायचं आणि बाळ झालं की तिनं हात लावलेला खांब पाणी टाकून धुऊन काढायचे. इरम्मा त्यांच्या तोंडावर म्हणायची, “धुवा की. पोरगं तेवढं धुवू नका, ते तुमच्या आधी म्याच शिवलंय.”

नावावरून फसू नका. आमच्या भागात बाप्तिस्मा झाला म्हणून इरम्माची मरियम झाली नाही आणि वाडीतल्या शरणप्पाचा शमुवेल झाला नाही. आजानं ठेवलेलं नाव तसंच राहिलं. इरम्मा ख्रिस्ती झाली ती तापाच्या साथीत. नवरा गेला, दोन लेकरं गेली, तीही जायच्या वाटेवर होती. शेजारपाजार भीतीनं दूर. तेव्हा उमरग्याहून संघाची एक बायबलबाई, घरोघर बायबल सांगत फिरणारी, आली आणि तीन आठवडे तिच्या उशाशी बसली. “तिनं आदुगर देव न्हाय सांगितला,” इरम्मा म्हणायची, “आदुगर पाणी पाजलं. देवाचं म्या मागनं इचारलं.” ह्यापेक्षा चांगला उपदेश मी आजवर केलेला नाही.

तिला अक्षर येत नव्हतं. पण गाणी, स्तोत्रं, प्रभूची प्रार्थना सगळं तोंडपाठ. पाळक नसला की रविवारी ती सहा घरांतल्या माणसांना अक्षरशः हाताला धरून आणायची. “भाकरी खायला येळ हाय आन् देवाला न्हाय व्हय रं?” असा तिचा घंटानाद. पाळक असला तरी तिचं राज्य चालूच. माझा उपदेश लांबला की ती मोठ्यानं खोकायची, एकदा न कळलं तर दोनदा. मी पहिल्यांदा वाडीत गेलो १९४४ साली, नवेकोरे बूट घालून. तिनं आधी बुटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “पाळकबुवा, ते काढून हातात घ्या. आमच्याकडच्या गाळानं तुमच्यापेक्षा मोठी मानसं अडकवलीत.” सगळे हसले. मी बूट काढले. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

आता संघ म्हणजे काय ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या मुलखात अशा वीसेक मंडळ्या, म्हणजे गावोगावचे ख्रिस्ती समाज. कुठं चाळीस घरं, कुठं चारच. एकट्यानं कुणाचंच निभत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून मंडळीसंघ केला. प्रत्येक घरातली बाई स्वयंपाकाला बसली की मूठभर ज्वारी बाजूच्या मडक्यात टाकायची. उमरग्याच्या मोठ्या मंडळीच्या मुठींवर वाडीसारख्या ठिकाणचा पाळक जगायचा. कुठं धाबं गळालं तर चार मंडळ्यांची माणसं जाऊन माती टाकायची. वर्षातून एकदा प्रत्येक ठिकाणी उज्जीवन सभा व्हायच्या. तीन दिवस भजन, उपदेश, आणि शेवटी साक्ष. साक्ष म्हणजे ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगायचं. विझत आलेली मंडळी त्या तीन दिवसांत पुन्हा पेटायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

दीक्षा झालेले पाळक थोडे. एकेकाकडं पाच-सहा मंडळ्या. प्रभुभोजन म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत भाकर मोडून आणि मनुकांचा रस वाटून घ्यायचं; वाडीत त्याला पंगतच म्हणतात. ते द्यायचा अधिकार फक्त पाळकाला, म्हणून तीन महिन्यांतून एकदा तरी त्यानं प्रत्येक ठिकाणी गेलंच पाहिजे. गेलो की भेटीच्या वहीत तारीख घालून लिहायचं. आणि संघाचा एक कडक नियम होता. वर्षभर पाळकाची भेट नसलेली मंडळी मोडायची, तिची नावं मोठ्या मंडळीच्या यादीत घालायची आणि प्रार्थनाघराची किल्ली संघाकडं घ्यायची. नियम वाईट नव्हता. काही मंडळ्या नुसत्या कागदावरच उरल्या होत्या. पण वाडीची सहा घरं उमरग्याच्या यादीत गेली असती तर दर रविवारी तेवढी पायपीट कोण करणार होतं? ती मंडळी संपली असती, साधा हिशेब.

मग सत्तेचाळीसची दंगाधोप्याची वेळ आली. इंग्रज गेले, पण आमच्यावर निजामाचं राज्य तसंच. रझाकारांच्या टोळ्या फिरू लागल्या, दुसरीकडं निजामाविरुद्ध लढणारी सरहद्दीवरच्या कॅम्पांतली माणसं नाक्यांवर हल्ले करू लागली. कोण कुणाला कुठं अडवील ह्याचा नेम नाही. डिसेंबरात मी वाडीला निघालो. लोहाऱ्याच्या पुढं गेलो, तर समोरून गाडीतून बायकापोरं घेऊन माणसं येत होती. म्हणाली, पुढं जाऊ नका, वाटेत झडती घेतात, काल एकाला मारलं. मी बाभळीखाली बसलो. पिशवीत प्रभुभोजनाचा पेला होता. तो कपड्यात गुंडाळलेला होता तरी मला वाटत होतं की सगळ्यांना दिसतोय. तासभर बसलो आणि मागं फिरलो.

इथवर मी स्वतःला माफ करतो. भीती कुणाला नसते? पण घरी येऊन मी वही उघडली आणि लिहिलं, ‘वाडी मंडळीस भेट दिली. प्रभुभोजन झाले. सर्व कुशल.’ मनाला सांगितलं की हे वाडीसाठीच आहे. भेट नाही लिहिली तर मंडळी मोडेल. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणांची कमी पडत नाही. मार्चमध्ये तर मी घरातून बाहेरही पडलो नाही. वहीत घातलं, रविवार १४ मार्च १९४८, सर्व कुशल. जूनमध्ये पुन्हा तेच. शाई वाळायलासुद्धा थांबलो नाही.

सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. पुढचे काही आठवडे उलट दिशेनं घरं जळाली, ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांचीही. मग हळूहळू वाटा मोकळ्या झाल्या. संघानं ठरवलं की एकही मंडळी सोडायची नाही, प्रत्येक ठिकाणी जाऊन तिला नव्यानं उभं करायचं. मुठींची ज्वारी पोत्यांत भरून गाड्या निघाल्या. नोव्हेंबरात वाडीत उज्जीवन सभा लागल्या. संघाचे अध्यक्ष कल्याणप्पा मास्तर स्वतः आले आणि मीही त्यांच्याबरोबर गेलो. वर्षाहून अधिक काळानं मी त्या गाळात पाय घातला.

इरम्मानं दारातच मला पाहिलं. थकली होती, गाल आत गेले होते. म्हणाली, “आलात? बरं झालं.” एवढंच. मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी साक्षी सुरू झाल्या. रुद्रम्मा उठली. शरणप्पाची बायको, आता विधवा. शरणप्पा मार्चमध्ये गेला हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं. ती पदर सावरत म्हणाली, “मालक रगत ओकत हुते. लई भ्याले हुते. म्हनायचे, पंगत झाल्याबिगर कसा जाऊ? त्या दिशी पाळकबुवा न्हवते. मंग इरम्मानं जोंधळ्याची भाकर घेतली, मनुका कुटं मिळत्यात, गुळाचं पाणी केलं. आमी समदे गुडघ्यावर बसलो. तिनं प्रभूचे शब्द म्हनले, भाकर मोडली, मालकाच्या तोंडात घातली. मालक हसले. गुरुवारी, अठरा तारखेला गेले, पर शांत गेले. देवाचे उपकार.”

बिचारी देवाचे उपकार मानायला उभी राहिली होती! आणि इकडं संघाच्या माणसांचे चेहरे उतरले. दीक्षा नसलेल्या बाईनं प्रभुभोजन दिलं, तेही गुळाच्या पाण्यानं. साक्षीची फिर्याद झाली. रुद्रम्माला कळलंच नाही की आपण काय बोलून बसलो. इरम्माला कळलं. ती डोळे मिटून बसली होती.

जानेवारीत उमरग्याला संघाची वार्षिक सभा भरली. इरम्माला बोलावलं होतं. एकटीच आली, लोहाऱ्यापर्यंत पायी. बाकावर बस म्हटलं तर खाली बसली. कल्याणप्पा मास्तर मनानं वाईट नव्हते. ते तिला वाट काढून देत होते. म्हणाले, “इरम्मा, दिवस वाईट होते, आम्हाला ठाऊक आहे. पाळक कितीतरी महिने आलेच नसतील, माणूस मरायला टेकला असेल, तर गोष्ट वेगळी.” आणि त्यांनी भेटीची वही मागवली.

मी भिंतीला टेकून उभा होतो.

मास्तरांनी पान उलटलं. “हे काय? चौदा मार्चला पाळक येऊन प्रभुभोजन देऊन गेलेत. सर्व कुशल लिहिलंय. शरणप्पा गेला अठराला. मधे चार दिवस. मग एवढी घाई काय होती, इरम्मा? पाळक होते तेव्हा त्याला पंगतीला का नाही बसवलं?”

इरम्मानं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदा तिला कळलं नाही, मग कळलं. हे तिच्या डोळ्यांत मी बघितलं. एक शब्द बोलली असती तर ती सुटली असती. मी एक शब्द बोललो असतो तरी ती सुटली असती. सभागृहात चाळीस माणसं. बाहेर कुणाच्या तरी गाडीचे बैल घुंगरं हलवत होते.

“चूक झाली,” ती म्हणाली. “मपलीच घाई झाली.”

मी तोंड उघडलं नाही. मला बोलता येतं बरं का, तासतासभर बोलतो, लोक खोकेपर्यंत बोलतो. त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप लागलं. ठराव झाला. इरम्मानं एक वर्ष प्रभुभोजनापासून दूर राहावं. वाडीची मंडळी मात्र कायम, कारण पाळकाच्या भेटी नियमित आहेत. माझं नाव घेऊन कौतुकाचे दोन शब्दही बोलले गेले. तेही मी गिळले.

एप्रिलमध्ये पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, मी वाडीत गेलो. आता मी वेळेच्या आधीच जायला लागलो होतो. चोराच्या मनात चांदणं. प्रार्थनाघर तिनंच उघडून झाडून ठेवलेलं, भाकरही तिनंच भाजलेली. भाकर मोडून मी ओळीनं देत चाललो. रुद्रम्मा, तिची सून, बाकीची घरं. इरम्मा शेवटी, भिंतीशी. मी तिच्यासमोर आलो आणि ताटली घेऊन पुढं गेलो. तिनं हात पुढं केला नाही, डोळे मिटून ओठांत काहीतरी म्हणत राहिली.

लोक गेल्यावर मी तिच्या दारात गेलो. म्हटलं, “मावशी, मी संघाला सांगतो. आजच जातो.”

“काय सांगता?”

“की मी आलो नव्हतो. वहीत खोटं लिहिलं.”

ती मिश्री लावत होती. थुंकून आली आणि मग बोलली. “बसा. तुमी आला न्हाईत, त्याचा मला राग न्हाय. भ्या कुनाला वाटत न्हाय? मलाबी वाटत हुतं. मला राग आला तो त्या लिवन्याचा. सर्व कुशल! ज्या दिशी तुमी हे लिवलं त्या दिशी शरणप्पा माझ्या मांडीवर रगत ओकत हुता. त्याचं डोकं म्या धरलं हुतं. तुमच्या वहीत तो कुशल हुता.”

मी रडलो. तिनं रडू दिलं, समजूत काढायच्या भानगडीत पडली नाही. मग म्हणाली, “आता तुमी सांगाल. संघ तुमाला काढंल. दुसरा पाळक हाय कुटं? आन् वही खोटी निघाली की वाडीला वर्षात एकबी भेट न्हाय. मंडळी मोडली. सहा घरं उघड्यावर. त्यापरीस एक म्हातारी वर्सभर उपाशी ऱ्हायली तर काय मरत न्हाय. तुमी तेवढं येत ऱ्हावा.”

“पण हे बरोबर नाही, मावशी.”

“न्हाईच बरोबर. ते तुमी वागवा आता. म्या का वागवू?”

आता बघा, तिनं मला माफ केलं नव्हतं. तिनं सहा घरांचा विचार केला होता. पण मी घरी जाताना स्वतःला काय सांगितलं? इरम्मानंच नको म्हटलं, मी काय करणार. असा मी बेइमान. जुलैत गेलो, तिच्यापुढून ताटली नेली. ऑक्टोबरात सुगीच्या प्रार्थनेला गेलो, पुन्हा तेच. प्रत्येक खेपेला मनात म्हणायचो, जानेवारीत वर्ष भरेल, मग सगळं आपोआप मिटेल. तेवढे दिवस ढकलायचे, एवढंच माझं धोरण.

डिसेंबरच्या सुरुवातीला वाडीचा एक माणूस उमरग्याला माझ्या घरी धापा टाकत आला. इरम्मा अंथरुणाला खिळली, पाळकांना बोलावलंय. मी तसाच निघालो. पोचलो तेव्हा दुपार होती. घोंगडीवर पडली होती, पाय सुजलेले, श्वास वर लागलेला. रुद्रम्मा उशाशी. मला पाहून इरम्माचे डोळे हलले.

“वर्स भरलं का?” तिनं विचारलं.

मी मनात मोजलं. “चाळीस दिवस राहिलेत, मावशी.”

“चाळीस,” ती म्हणाली. “तेवढं न्हाय व्हायचं माझ्यानं. पंगत मिळंल का?”

पिशवी माझ्या खांद्याला होती. तिच्यात भाकर होती, पेला होता, मनुका भिजवलेलं पाणीही होतं. हात घालून काढायचं, बस्स. आणि मला काय सुचावं? नियम. संघानं घातलेली बंदी पाळकानं आपल्या मर्जीनं उठवू नये, हा नियम. ज्या नियमानं तिला वर्षभर उपाशी ठेवलं त्याच्याच आड मी पुन्हा लपलो. थोडं खरंही होतं माझ्या मनात. वाटलं, आता जाऊन सगळं सांगतो, ठराव मागं घ्यायला लावतो, मग तिला मानानं पंगतीला बसवतो, चोरून नाही. चांगल्या विचाराचं भित्रा माणूस किती छान पांघरूण करून घेतो!

“मावशी, मी संघाची परवानगी आणतो. ह्या पावली जातो आणि येतो.”

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “या,” म्हणाली.

उमरग्याला पोचायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. कल्याणप्पा मास्तर ओसरीवर होते. मी उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली. बाभूळ, वही, १४ मार्च, सर्व कुशल, सगळं. दोन वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते भडाभडा ओकलो. मला वाटलं, मास्तर चिडतील, माझी दीक्षा काढून घेतील, निदान ओरडतील तरी. ते म्हणाले, “बसा. चहा घ्या आधी.”

चहा आला. मास्तर बशीत ओतत म्हणाले, “अहो, दिवसच तसे होते. मी तरी कुठं घराबाहेर पडलो? बहुतेकांच्या वह्या तशाच असतील. जाऊ द्या. पुढं नीट चाला. जानेवारीत ठराव मागं घेऊन टाकू.”

“आणि वाडीची मंडळी?”

“मंडळी कशाला मोडायची? दंगलीचं वर्ष कोण धरतंय त्या नियमात? आणि काय हो, ती मरायला टेकली आणि तुम्ही तिला सोडून परवानगी मागायला इथं आलात? द्यायची नाही का सरळ! मरणाच्या अंथरुणावर कसला आलाय संघाचा हुकूम?”

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. चहा अजून गरम होता. जी वाडीत राहिली, मरणाऱ्याच्या तोंडाशी बसली, तिला एक वर्ष. जो घरात बसला आणि खोटं लिहिलं, त्याला एक कप चहा. माझ्यावर कुणी हात उचलला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाडीत शिरलो तेव्हा नदीकडच्या बाजूला दोघंजण खड्डा खणत होते. मी ओळखलं.

इरम्मा प्रार्थनाघरात ठेवलेली होती, धुतलेल्या लुगड्यात. सहा घरांची माणसं बसलेली. कुसाच्या आतल्याही चारपाच बाया दाराबाहेर उभ्या होत्या. रुद्रम्मा माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही तिनं.

“पहाटं गेली. काल सांजच्यापारी म्या इचारलं तिला. म्हनलं, तू मालकाला दिलंस तसं म्या तुला देऊ का? भाकर हाय, गूळ हाय. तर नगं म्हनाली. म्हनाली, पाळकबुवा आणायला गेल्यात. ह्या बारीला येतील.”

चिठ्ठी खिशात होती, ती कुणाला दाखवायची आता? शरणप्पासाठी जी क्षणभर थांबली नाही, ती स्वतःसाठी माझी वाट बघत थांबली. शरणप्पाच्या वेळी मी आलो नव्हतो हे पक्कं ठाऊक असूनही थांबली.

प्रार्थना सुरू करायच्या आधी मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. साक्ष द्यायला उभे राहतात तसा. सांगितलं की त्या वर्षी मी एकदाही आलो नव्हतो. वहीत आलो म्हणून लिहिलं. त्या खोट्या तारखेमुळं इरम्मा दोषी ठरली, आणि मी सभेत गप्प बसलो. परवा पिशवीत भाकर असून तिला दिली नाही. “मला काय शिक्षा करायची ती तुम्ही करा,” मी म्हणालो.

रुद्रम्माच बोलली.

“हे आमाला ठाऊक हाय. तुमी आला न्हाईत, ते आमच्याबिगर कुनाला ठाऊक असनार?”

“आणि वहीतलं?”

“तेबी. उमरग्याहून आली त्याच दिशी इरम्मानं सांगितलं. माझ्या साक्षीपाई तिला बंदी झाली म्हनून म्या ऊर बडवत हुते, तवा सांगितलं. म्हनली, तुझी चूक न्हाय गं. आन् पाळकांना इचारू नका. बोलतील आपूनहून.”

म्हणजे वर्षभर, प्रत्येक खेपेला, ही सगळी माणसं मला ओळखून होती. मी तिच्यापुढून ताटली नेत होतो तेव्हा ह्यांनी माझ्या हातची भाकर घेतली आणि मी बोलायची वाट पाहिली. मी खाली मान घातली. वर बघायची हिंमत होईना.

“शिक्षा कसली करायची,” रुद्रम्मा म्हणाली. “आमाला पाळक पायजे. पुढच्या खेपंला कवा येनार, ते सांगा.”

मी तारीख सांगितली. तिनं ती माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली.